कोरडा डोळा पाझरतो तेव्हा
पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दिवसभर भिंगाखाली सर्किटं जोडणाऱ्याचे डोळे चुरचुरले तर नवल नाही. गंमत म्हणजे ते पाझरतातही. टक लावून बघताना पापण्या कमी लवतात, अश्रूंचा थर सुकतो आणि चिडलेला डोळा पाणी सोडतो. नेत्रतज्ज्ञांपैकी कॉर्नियाचे डॉक्टर यात जास्त मुरलेले. शर्मर चाचणीत ते खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवतात. 5 मिनिटांत 10 मिमीही भिजली नाही, तर अश्रू कमी असल्याचा संशय. पट्टी नीट भिजली तरी सुटका नाही: पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या की पाणी भराभर उडून जातं. तिथे नुसत्या थेंबांनी भागत नाही, गरम शेकही लागतो. दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब मात्र आणू नयेत. त्यातून काचबिंदू होऊ शकतो.