'आपले पूर्वज माकड होते का?': दहावीचा धडा, मोरोक्कोची कवटी आणि आपला शजरा

राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या पुस्तकातला पहिलाच धडा आहे 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. मराठी माध्यमाला आहे, तसाच उर्दू माध्यमालाही आहे. शाळा सुरू झाली की हा धडा येतो आणि आपल्या अनेक घरांत दस्तरखानावर तोच प्रश्न येतो. "अब्बू, आपण माकडापासून झालो का?" उत्तरही ठरलेलं असतं. "पेपरात लिही, मार्क घे, डोक्यात ठेवू नकोस."

हे उत्तर आम्हाला पटत नाही. ज्या मुलीला पुढे नीट देऊन डॉक्टर व्हायचंय, तिचं निम्मं जीवशास्त्र याच पायावर उभं आहे. पाया कच्चा ठेवून वरचे मजले चढवायला सांगणं तिच्यावर अन्याय आहे. शिवाय घाबरण्याचं निम्मं कारण प्रश्नच चुकीचा विचारला जातो हे आहे. म्हणून विज्ञान नेमकं काय म्हणतं, ते आज नीट समजून घेऊ. मानायचं काय, ते ज्याचं त्याने नंतर ठरवावं.

आपल्याकडे अनेक खानदानांत शजरा जपून ठेवलेला असतो. त्यात तुमचा चुलत भाऊ तुमच्या शेजारच्या फांदीवर असतो. तो तुमचा दादा नसतो. तुम्ही दोघे एकाच दादाची नातवंडं, एवढंच. चिंपांझीचं आणि माणसाचं नातं विज्ञान असंच सांगतं. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी दोघांचा एक सामाईक पूर्वज होता. तो आजचा चिंपांझी नव्हता आणि माणूसही नव्हता. त्याच्या वंशाच्या दोन शाखा झाल्या आणि दोन्ही आपापल्या वाटेने बदलत गेल्या. त्यामुळे 'मग आजची माकडं माणूस का होत नाहीत?' हा मोबाईलवर फिरणारा सवाल 'माझा चुलत भाऊ अजून मी का झाला नाही?' असं विचारण्यासारखा आहे.

पुरावा काय? एक पुरावा आपल्या प्रत्येक पेशीत आहे. माणसाच्या आणि चिंपांझीच्या डीएनएमधली अक्षरं जिथे समोरासमोर ठेवून ताडता येतात, तिथे ती सुमारे ९८.८ टक्के जुळतात. पण आम्हाला त्याहून बोलका वाटतो तो गुणसूत्रांचा हिशोब. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं तेव्हा ते दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडून बनल्याचं दिसलं. गुणसूत्राच्या टोकाला असते ती खास खूण इथे मधोमध सापडते. दोन जुनी पुस्तकं एका बाइंडिंगमध्ये शिवावीत आणि पहिल्याचा मागचा पुठ्ठा आतच राहून जावा, तसं.

दुसरा पुरावा हाडांचा. हाडं, दात, रक्तगट, जनुकं यांवरून माणसाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला जैविक मानवशास्त्र म्हणतात. इथिओपियात हदार नावाच्या ठिकाणी १९७४ मध्ये 'लुसी'चा सांगाडा सापडला. वय सुमारे ३२ लाख वर्षं. तिचा मेंदू चिंपांझीएवढाच, पण कमरेची आणि गुडघ्याची हाडं दोन पायांवर चालणाऱ्याची. म्हणजे आपले पूर्वज आधी ताठ चालले आणि मेंदू मोठा व्हायला पुढे लाखो वर्षं गेली. टी-शर्टवर छापलेलं ते वाकलेलं माकड, मग अर्धं ताठ, मग भालावाला माणूस, हे रांगेतलं चित्र विसरा. प्रत्यक्षात ते फांद्यांचं झुडूप होतं. बहुतेक फांद्या सुकल्या, एक उरली.

त्या उरलेल्या फांदीची गोष्ट मोरोक्कोत घडते. मराकेश शहराच्या पश्चिमेला साधारण १०० किलोमीटरवर जबल इरहूद नावाचा डोंगर आहे. तिथे बराइट या खनिजाची खाण होती. १९६१ मध्ये खाणकामगारांना तिथे जवळजवळ पूर्ण मानवी कवटी मिळाली. त्या काळच्या तज्ज्ञांनी अंदाज केला, वय ४० हजार वर्षं असेल, निअँडरथल जातीचा आफ्रिकी नातेवाईक असेल. विषय मिटला. पुढे २००७ मध्ये हे वय १ लाख ६० हजारांवर गेलं, तरी कोडं सुटेना, कारण चेहरा फारच आपल्यासारखा होता.

रबातच्या पुरातत्त्व संस्थेचे अब्दुलवाहिद बिन नसर आणि जर्मनीत काम करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ-जाक उब्लाँ यांच्या पथकाने २००४ पासून तिथे पुन्हा खोदकाम केलं. नवी हाडं मिळाली. जुनी-नवी मिळून किमान पाच जण निघाले, त्यांत एक लहान मूलही. सोबत हरणांची हाडं, चकमकीची हत्यारं आणि शेकोटीच्या खुणा.

ही शेकोटीच कामाला आली. चकमकीचा दगड जमिनीत पडून राहिला की आजूबाजूच्या मातीतला किरणोत्सर्ग त्यात थोडाथोडा साठत जातो. दगड आगीत तापला की तो साठा रिकामा होतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. इरहूदच्या माणसांनी टाकलेली काही हत्यारं नंतर त्यांच्याच शेकोटीखाली तापली होती. प्रयोगशाळेत ती परत तापवली की मंद उजेड सोडतात. उजेड जितका जास्त, तितका शेवटच्या आगीला काळ जास्त लोटला. उत्तर आलं सुमारे ३ लाख १५ हजार वर्षं. २०१७ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. तोवर आपल्या जातीची सर्वांत जुनी हाडं इथिओपियातल्या ओमो किबिशची, सुमारे १ लाख ९५ हजार वर्षांची मानली जात. एका शेकोटीने आपलं वय लाखभर वर्षांनी वाढवलं.

ही माणसं अगदी आपल्यासारखी होती का? चेहरा आणि दात बरेच तसे. टोपी घातली असती तर गर्दीत खपून गेली असती, असं म्हणायला हरकत नाही. पण टोपीखालची कवटी आपल्यासारखी गोल नव्हती, मागे लांबट होती. म्हणून काही तज्ज्ञ त्यांना पूर्ण 'होमो सेपियन्स' म्हणायला आजही तयार नाहीत. हा वाद खुला आहे आणि तो खुलेपणाने चालतो, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. चाळीस हजार, मग एक लाख साठ हजार, मग तीन लाख. पुरावा बदलला की विज्ञान आपलाच आकडा खोडतं.

आता दीनचा सवाल. आम्ही आलिम नाही, फतवा देणं आमचं काम नाही. पण मुस्लिम विचारवंतांत याबद्दल एकच मत आहे, हा समज खरा नाही. काही उत्क्रांती पूर्ण नाकारतात. काही झाडं-प्राण्यांपुरती मानतात आणि हजरत आदम यांची निर्मिती हा ईमानाचा वेगळा विषय ठेवतात. काहींना दोन्हींत टक्करच दिसत नाही. जॉर्डनच्या हाशमी विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणाऱ्या राना दजानी यांनी २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये, आपण मुस्लिम विद्यार्थ्यांना उत्क्रांती का शिकवतो, यावर लेखच लिहिला होता. उलट बाजूची उदाहरणंही आहेत. तुर्कीने २०१७ मध्ये शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांतीचा धडा काढायचं जाहीर केलं. आपल्याकडे एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून तो काढला, कारण दिलं अभ्यासाचं ओझं कमी करण्याचं. तेव्हा १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या होत्या. राज्य मंडळाच्या पुस्तकात मात्र धडा राहिला.

एक फॉरवर्डही फिरतं, की डार्विनच्या हजार वर्षं आधी बसऱ्याच्या अल-जाहिजने उत्क्रांती शोधली होती. नवव्या शतकातल्या त्याच्या 'किताब अल-हयवान'मध्ये प्राण्यांची जगण्याची धडपड आणि हवा-पाण्याचा त्यांच्यावर होणारा परिणाम यांवर बारीक निरीक्षणं आहेत, हे खरं. पण त्यालाच डार्विनचा सिद्धांत म्हणणं ताणलेलं आहे. जाहिजचं मोठेपण त्याच्या निरीक्षणात आहे, ते तिथेच असू द्यावं.

हे सगळं लाखो वर्षांपूर्वीचं, आपल्याला काय त्याचं? असं म्हणणाऱ्यांसाठी सिकलसेल. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात हा रक्ताचा आजार बराच आढळतो. बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर आजार होतो. एकाकडूनच आलं तर आजार तर होत नाहीच, उलट जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकून राहिलं. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. थॅलेसेमियाची गोष्टही अशीच आहे. सिंधी, पंजाबी, कच्छी समाजांत त्याचे वाहक जास्त आढळतात. आणि एकाच खानदानात पिढ्यान्‌पिढ्या रिश्ते होत असतील, तर नवरा-बायको दोघेही वाहक निघण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के. निकाह ठरवण्याआधी रक्ताची एक तपासणी केली की हे कळतं. हॉल, बिर्याणी, बँड या सगळ्याची चौकशी होते, तिथे ही का नको?

या शास्त्राचा काळा इतिहासही आहे आणि तो झाकून चालणार नाही. इंग्रजांच्या काळात हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने नाकाची लांबी-रुंदी मोजून भारतातल्या जाती उतरंडीत बसवायचा उद्योग केला. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर हा मानवशास्त्रज्ञ कवटीवरून वंशांचं श्रेष्ठत्व ठरवू पाहत होता. पुढे नाझींच्या वंशवादाला त्याच्या विचारांचा आधार मिळाला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस याच फिशरकडे एक मराठी बाई डॉक्टरेट करायला गेली, इरावती कर्वे. युरोपीय गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी, दोन बाजूंत जास्त फरक असलेली, आणि त्यामुळे त्यांची बुद्धी जास्त तर्कशुद्ध, हे सिद्ध होतंय का ते तिने तपासायचं होतं. तिच्यासमोर १४९ कवट्या होत्या, त्यांत आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्याही. तिने मापं घेतली आणि लिहिलं की कवटीच्या या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, गाईडच्याच मताविरुद्ध. आखरी खुतबा ऐकत मोठं झालेल्या माणसाला या निष्कर्षाचं नवल वाटणार नाही. पण तो बर्लिनमध्ये मोजपट्टी लावून काढणाऱ्या त्या बाईच्या हिमतीचं वाटायला हवं.

जनुकशास्त्राने पुढे हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड ल्युअंटिन यांनी १९७२ मध्ये हिशोब मांडला, की माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकाच समूहाच्या आत असतो. वेगवेगळ्या 'वंशांत' उरतो तो थोडका.

आणि 'बाहेरून आलेले' हा टोमणा? भारतातल्या सहा मुस्लिम समूहांच्या जनुकांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे शास्त्रज्ञ त्यात होते. या समूहांची जनुकं मोठ्या प्रमाणात त्यांच्या शेजारच्या बिगरमुस्लिम समाजांशी जुळणारी निघाली, पश्चिम आशिया आणि आफ्रिकेकडचा अंश थोडा. शजऱ्यात अरबस्तानचं नाव अभिमानाने लिहिणाऱ्या आपल्या काही खानदानांनाही हे वाचताना जरा थांबावं लागेल. त्याहून मागे गेलं तर बाहेरून न आलेला कोणीच नाही. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांच्या अंगात एक-दोन टक्के निअँडरथलही आहे. कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा डीएनएचा एक तुकडा त्यांच्याकडूनच आल्याचं २०२० मध्ये दिसलं, आणि तो दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत आहे. नमाजी असो की पुजारी.

ज्या मुलांना यात पुढे जायचंय त्यांच्यासाठी : पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. इरावतीबाईंनी जिथे शिकवलं त्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेल्या तान्ह्या मुलांचे सांगाडे याच संस्थेच्या उत्खननात मिळाले होते. भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था कोलकात्याला आहे. सुरुवातीला मात्र दहावीचा तो पहिला धडा पुरे. या वर्षी मुलाने प्रश्न विचारला, तर पुस्तक उघडून त्याच्या शेजारी बसा.