बास्केटबॉल : नियमांनी घडविलेला खेळ

लगोरी, विटीदांडू, हुतुतू हे खेळ कोणी निर्माण केले, हे कोणालाच सांगता येत नाही. ते वाडवडिलांपासून चालत आले, म्हणून त्यांचे नियमही कायमचे, अशी आपली समजूत होते. बास्केटबॉलचे तसे नाही. तो कोणी, केव्हा आणि कोणत्या अडचणीतून काढला हे पक्के ठाऊक आहे. म्हणून खेळ का बदलतो हे पाहावयाचे तर आम्हांला हेच उदाहरण सोयीचे वाटते.

१८९१ सालचा डिसेंबर महिना. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाच्या वर्गात १८ तरुण होते. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत कवायतीचा कंटाळा. बंद दालनात, धक्काबुक्कीवाचून खेळता येईल असा खेळ हवा होता. नेस्मिथने विचार केला, की चेंडू घेऊन पळण्याची मुभाच नसली तर पळणाऱ्याला पाडण्याचे कारण उरत नाही. आणि लक्ष्य डोक्यावर, आडवे ठेवले तर जोरापेक्षा नेम महत्त्वाचा ठरतो. लहानपणी तो दगडावरचा दगड लांबून नेमाने उडविण्याचा, आपल्या लगोरीच्या जातीचा एक खेळ खेळत असे. त्यावरून हे दुसरे तत्त्व त्याला सुचले. सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा १० फूट उंच होता, म्हणून आजही कडे १० फुटांवरच असते. एका बाजूला ९ गडी आणि सारे मिळून नियम १३! टोपलीला बूड असल्याने आत पडलेला चेंडू शिडी लावून काढावा लागे.

पुढे बूड गेले, गडी पाच झाले, चेंडू आपटत नेण्याची मोकळीक मिळाली. १९३६ साली बर्लिन येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. अंतिम सामना उघड्या मातीच्या मैदानावर भर पावसात झाला. चेंडू चिखलात उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरविले. त्याच वर्षी त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह आपले देशी खेळ करून दाखविले होते, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.

खरा रोग पुढे दिसला. आघाडी मिळाली की संघ चेंडू नुसताच हातोहात फिरवीत बसे. नोव्हेंबर १९५० मध्ये अमेरिकेतील एक व्यावसायिक सामना १९–१८ असा संपला. अशाने प्रेक्षक कंटाळणार नाहीत तर काय! खेळाडूंना दोष देऊन उपयोग नव्हता. नियमच त्यांना तसे वागू देत होता. १९५४ साली तेथे तोड निघाली. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा नेम धरतात; सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा; भागाकार २४. चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांत नेम धरलाच पाहिजे, असा दंडक झाला. आंतरराष्ट्रीय खेळात १९५६ पासून ३० आणि २००० पासून २४ सेकंद ठरले.

दुसरी तक्रार उंच गड्यांची. ते कड्याखाली गर्दी करीत. म्हणून लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याची रीत अमेरिकेत निघाली आणि १९८४ साली आंतरराष्ट्रीय नियमांतही आली. ठेंगण्या परंतु नेमबाज मुलाला त्यामुळे मानाचे स्थान मिळाले.

आपल्या कबड्डीनेही हीच वाट धरली. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण मिळवावा लागतो. न मिळाल्यास चढाई करणारा बाद. वेळकाढूपणावर उपदेश नको, नियम हवा, हे दोन्ही खेळांनी ओळखले.

टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली तीन-तीन गड्यांचा बास्केटबॉल आला. त्याला अर्धे मैदान, एक कडे आणि दहा मिनिटे पुरतात. जळकोटसारख्या गावात लाकडी जमिनीच्या दालनाची वाट पाहत बसण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. पटांगणाचा एक कोपरा, एक भक्कम खांब आणि १० फुटांवर एक कडे एवढ्यावर आरंभ होतो. नेस्मिथपाशी तरी दोन टोपल्यांहून अधिक काय होते?