शवपेटीत सिनेमा, हॉटेलात झोप

शवपेटीचं झाकण बंद होतं. आत एक जिवंत माणूस, डोळ्यांसमोर छोटा पडदा, कानाशी स्पीकर आणि श्वासापुरती हवा येईल अशी भोकं. पडद्यावर 'अनिआरा' : वाट चुकून अंतराळात कायमचं भरकटलेल्या यानातल्या प्रवाशांची गोष्ट. २०१९ साली स्वीडनच्या गोथेनबर्ग चित्रपट महोत्सवाने एका वेळी आठ जणांना असा सिनेमा दाखवला. यानातल्या माणसांची घुसमट प्रेक्षकाच्या अंगावर यावी, एवढाच उद्देश. माझ्या मते तो शंभर टक्के साधलेला असणार!

चित्रपट महोत्सव म्हटलं की आपण आधी सिनेमांची यादी चाळतो. कोणता इराणी, कोणता कोरियन, कोणत्या खेळाला रांग मोठी लागेल. पण एखाद्या शहराचा महोत्सव डोक्यात राहतो तो यादीच्या बाहेरच्या उद्योगांमुळे. कार्यशाळा, चौकातले खेळ, रात्रभर चालणाऱ्या स्पर्धा, विचित्र प्रयोग. तिथे प्रेक्षक नुसता बसून राहत नाही, त्यालाही कामाला लावलं जातं.

याच गोथेनबर्गने २०२१ मध्ये कमाल केली. कोविडमुळे थिएटरं ओस पडलेली. मग महोत्सवाने एकाच प्रेक्षकाला आठवडाभर समुद्रातल्या पाटर नोस्टर या दीपगृहाच्या बेटावर पाठवायचं ठरवलं. सोबत फक्त महोत्सवातले सिनेमे. फोन नाही, पुस्तक नाही, गप्पांना माणूस नाही. 'हे कोण करणार?' असं वाटत असेल, तर अर्ज आले १२ हजारांवर. निवड झाली ती एका परिचारिकेची, कोविडच्या लाटेत रुग्णालयातल्या तातडीच्या विभागात राबून थकलेल्या बाईंची. त्या गर्दीतून सोडवून कुणाला एकांत द्यायचा, तर यापेक्षा योग्य माणूस सापडला नसता. शहरात राहिलेल्यांचीही सोय होती : बारा हजार खुर्च्यांच्या स्कँडिनेव्हियम स्टेडियममध्ये एका खेळाला एकच प्रेक्षक. पुढच्या वर्षी याच मंडळींनी सिनेमाआधी अख्ख्या सभागृहाला संमोहित करण्याचा खेळ ठेवला.

सिनेमा बघताना झोप लागली तर आपण ओशाळतो. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम महोत्सवात २०१८ साली थाई दिग्दर्शक अपिचातपोंग वीरसेताकुन यांनी झोपण्यासाठीच सिनेमा मांडला. त्यासाठी खरंखुरं तात्पुरतं हॉटेल उभारलं. पलंग आरक्षित करायचा, रात्रभर मोठ्या गोल पडद्यावर पाणी, आकाश, झोपलेली माणसं अशी चित्रं सरकत राहणार, तुम्ही जागे राहा नाहीतर घोरा. सकाळी न्याहारी आणि रात्री पडलेलं स्वप्न लिहायला वही.

रॉटरडॅमची आणखी एक गंमत म्हणजे तिथलं मतदान. खेळ संपला की प्रेक्षक हातातली चिठ्ठी आपल्या पसंतीच्या आकड्यापाशी फाडून पेटीत टाकतात. पेन नको, ॲप नको. याच महोत्सवाच्या पहिल्या दिवशी, १९७२ साली, प्रेक्षक आले होते फक्त १७. आज त्याच महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स निधी जगभरच्या नवख्या दिग्दर्शकांना हात देतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'लाही तो मिळाला होता. २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार पटकावणाऱ्या आपल्या मराठी सिनेमामागे सतरा माणसांनी सुरू झालेला एक डच महोत्सवही आहे, हे सांगताना मला मनापासून आनंद होतो.

स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात उघड्यावरच्या खेळांसाठी पियात्सा ग्रांदे या चौकात सुमारे आठ हजार पिवळ्या-काळ्या खुर्च्या मांडतात. पाऊस आला तरी पुष्कळ जण रेनकोट चढवून बसून राहतात. अमेरिकेतल्या टेल्युराइडला तर महोत्सव सुरू होण्याच्या तोंडावरच सिनेमांची नावं कळतात, म्हणजे लोक तिकीट काढतात ते निव्वळ भरवशावर.

आता इटलीतल्या बोलोन्याकडे वळू. या शहरावर माझा विशेष लोभ आहे. १९८६ पासून इथे जुन्या, हरवलेल्या, डागडुजी केलेल्या सिनेमांचा महोत्सव भरतो. भर चौकात, पियात्सा माज्जोरेत, रात्री फुकट खेळ. पण खरी मजा एका छोट्या अंगणात. तिथे काही रात्री कार्बनच्या प्रोजेक्टरवर मूकपट दाखवतात. यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर असतात. त्यांची टोकं भिडवून जरा दूर केली की मधल्या फटीत वीज कडाडते आणि डोळे दिपवणारा उजेड पडतो. कांड्या जळत जातात, फट वाढते, उजेड मंदावतो. म्हणून ऑपरेटरला सतत काचेतून ज्योतीकडे बघत कांड्या पुढे सरकवाव्या लागतात. वरच्या धुराड्यातून धूर निघत असतो आणि प्रेक्षक मान वळवून पडद्याइतकेच त्या यंत्राकडेही बघतात.

आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघितलेल्या माणसाला हे वर्णन ऐकून लगेच ओळख पटेल. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे आपल्या गावोगावच्या ऑपरेटरांचे काळे झालेले हात फ्रान्समध्ये पडद्यावर झळकले.

बोलोन्याशी आपलं दुसरं नातं अगदी ताजं आहे. २७ जून २०२५ च्या रात्री त्याच पियात्सा माज्जोरेत 'शोले' लागला, तोही मूळ शेवटासह. १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो शेवट बदलायला लावला होता. पोलीस येतात आणि गब्बर त्यांच्या ताब्यात जातो, हा आपण पन्नास वर्षं पाहिलेला शेवट. इटालियन प्रेक्षकांनी पाहिला तो ठाकूरने खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवण्याचा. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने शोधाशोध केली, तेव्हा इंग्लंडमधल्या एका गोदामात जुनी रिळं सापडली, आणि डागडुजी झाली बोलोन्याच्याच प्रयोगशाळेत.

अशी डागडुजी शिकवायच्या कार्यशाळा फिल्म हेरिटेज फाउंडेशनने आपल्याकडेही घेतल्या. पहिली २०१५ ला मुंबईत, दुसरी २०१६ ला पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. तिथला पहिला धडा नाकाचा. डबा उघडला आणि व्हिनेगरसारखा आंबट दर्प आला, की समजायचं रीळ सडायला लागलंय. ॲसिटेटची फिल्म दमट, गरम हवेत कुजताना तसाच वास सोडते, आणि शेजारच्या डब्यांनाही ती लागण होते. पुढे फिल्म हातात धरून कडेची भोकं तपासायची, फाटलेली जोडायची, धूळ टिपायची. आपल्या किनारपट्टीच्या हवेत किती मराठी सिनेमे असे डब्यातल्या डब्यात गेले असतील, याचा विचार केला की हे काम शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मिठी मारावीशी वाटते.

तरुणांसाठीचे खेळ आपल्या महोत्सवांतही कमी नाहीत. मुंबईच्या मामी महोत्सवाने 'डायमेन्शन्स मुंबई' ही स्पर्धा चालवली : पंचविशीच्या आतल्या मुलांनी मुंबईवर पाच मिनिटांत बसेल असा सिनेमा करायचा. गोव्याच्या इफ्फीत २०२१ पासून देशभरातून निवडलेल्या तरुणांना पणजीत एकत्र आणलं जातं. पुढे त्यांच्यासाठी स्पर्धाही आली. अनोळखी मुलांच्या तुकड्या करायच्या आणि ४८ तासांत लघुपट करून दाखवायचा. लिहिणं, चित्रीकरण, संकलन सगळं त्यातच. झोप कुठे बसवायची ते ज्याचं त्याने बघायचं.

खरं तर सिनेमा कसा करतात हे लोकांना दाखवण्याची हौस आपल्याकडे पहिल्यापासून आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं टिपून 'अंकुराची वाढ' केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. १९१७ च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार करतात यावरच एक लघुपट काढला. त्याच्या उरलेल्या तुकड्यांत फाळके स्वतः काम करताना दिसतात.

म्हणूनच इटलीतल्या पोर्देनोनेची कार्यशाळा मला सगळ्यांत जवळची वाटते. १९८२ पासून चालणारा हा मूकपटांचाच महोत्सव. तिथे तरुण पियानोवादकांना मूकपटाला साथ कशी करायची हे मुरलेले वादक शिकवतात, तेही प्रेक्षकांसमोर. नजर पडद्यावर, बोटं पट्ट्यांवर. नायिका दाराकडे वळली की सूर तिच्याआधी वळता कामा नये आणि मागेही राहता कामा नये. कधी थांबायचं, हा तर वेगळाच धडा.

ही कार्यशाळा पुण्यात व्हावी. फाळक्यांचा १९१९ चा 'कालियामर्दन' बराचसा उरलेला आहे. त्यात बाळकृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी आधी निरनिराळे हावभाव करून दाखवते आणि मग थेट पाण्यात कालियाशी झुंजते. संगीत नाटकांची साथ केलेले ऑर्गनवादक आणि तबलजी आपल्याकडे अजून आहेत. 'पिफ' या पुण्याच्या चित्रपट महोत्सवासाठी शहरात प्रेक्षक जमतोच. चार दिवस शिकवणी आणि पाचव्या संध्याकाळी शिकाऊ मुलांच्या साथीने 'कालियामर्दन'चा खेळ. मी पहिल्या रांगेचं तिकीट काढेन.