सप्टेंबरच्या गुणतक्त्यावर किती विसंबायचं?

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलमध्ये संघ 32, पण नियमित मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला सामने जेमतेम 17. बाद फेरीत जातात 14. म्हणूनच सप्टेंबरमधल्या, सुरुवातीच्या दोन-तीन पराभवांनी चाहत्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण 2015 चा मोसम पाहा (तेव्हा सामने 16 असत). अटलांटा फाल्कन्सने पहिले पाचही सामने जिंकले. शेवटी विजय 8, पराभव 8, आणि बाद फेरी हुकलीच. त्याच वर्षी कॅन्सस सिटी चीफ्स पहिल्या सहापैकी पाच हरले, त्यातच त्यांचा हुकमी धावपटू जमाल चार्ल्स गुडघा दुखावून मोसमाबाहेर गेला. मग सलग दहा जिंकून ते बाद फेरीत! सुरुवातीला नुसते विजय मोजू नयेत; हरवलं कुणाला आणि आक्रमणाची सूत्रं सांभाळणारा क्वार्टरबॅक धडधाकट आहे का, ते आधी बघावं.