दहा पौंडांसाठी चारशे किलोमीटर

1851 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत सोनं सापडलं आणि दोन-तीन वर्षांतच दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले शेतकरी तिकडे निघाले. पदरचे पैसे घालून जाणारे थोडेच. बहुतेकांचं जहाजभाडं व्यापारी, सावकार नाहीतर भाऊबंद उसनं देत. तारण म्हणजे जमीन किंवा मागे राहिलेल्या घरच्यांचा शब्द. माणसं टोळीने जात, टोळीला मुकादम असे, आणि सोनं हाती लागलं की आधी कर्जाचा हप्ता कापला जाई.

म्हणूनच 1855 चा व्हिक्टोरियाचा कायदा त्यांना जड गेला. प्रत्येक चिनी उतारूमागे 10 पौंड कर, शिवाय जहाजाच्या दर 10 टनांमागे एकच चिनी उतारू. म्हणजे 500 टनी जहाजात फक्त 50 जण! भाडं माणशी मिळत असल्याने कप्तानांच्या पोटावरच पाय आला.

पण हा कायदा वसाहतीच्या सीमेपुरताच. शेजारच्या साऊथ ऑस्ट्रेलियात तो लागू नव्हता, म्हणून जहाजं तिथल्या रोब या लहानशा बंदराकडे वळली. काही शे वस्तीच्या या गावात दोन वर्षांत हजारो चिनी उतरले. गावाचं मात्र साधलं: किनाऱ्यावर आणणारे नाववाले, दुकानदार, वाटाडे, सगळ्यांनी हात धुऊन घेतले. काही वाटाड्यांनी तर पैसे घेऊन माणसांना अर्ध्या वाटेत सोडलं.

पुढे चालत जायचं. बॅलरॅट, बेंडिगोच्या खाणी चारशे किलोमीटरच्या आसपास. खांद्यावर बांबूची कावड, दोन्ही टोकांना तांदूळ, अंथरूण, भांडी. शेकडो माणसं एकामागे एक, रांगेने. 1857 मध्ये अशाच एका जथ्याला वाटेत मुक्कामाच्या जागी सोनं सापडलं. त्या ‘कँटन लीड’च्या पट्ट्याभोवती अरारॅट हे शहर उभं राहिलं. चालायला लावणाऱ्या कायद्यानेच ती वाट दाखवली, हे सरकारच्या ध्यानीमनीही नसेल.

खाणीवर ही मंडळी बहुधा गोऱ्यांनी सोडून दिलेल्या मातीचे ढीग पुन्हा धूत. लाकडी पाळण्यात माती घालायची, वरून पाणी ओतत तो डोलवत राहायचा. गाळ वाहून जातो, जड सोनं तळाच्या पट्ट्यांमागे अडकतं. घाईत धुतलेल्या ढिगात बारीक कण राहून गेलेले असत. त्यासाठी भांडवल नको, मनुष्यबळ हवं, आणि टोळीकडे तेच होतं. पण कष्टाची कमाई गोऱ्यांच्या डोळ्यांत खुपली. जुलै 1857 मध्ये बकलंड नदीकाठच्या चिनी वस्त्या गोऱ्या खाणकामगारांनी जाळल्या, लुटल्या आणि माणसांना हुसकावून लावलं.

त्याच वर्षी साऊथ ऑस्ट्रेलियानेही तसाच कर बसवला आणि रोबचा धंदा बसला. जहाजं मग न्यू साऊथ वेल्सकडे वळली. तिथला कायदा यायला 1861 उजाडलं.