गॅस संपत नाही, गळतो

मे महिन्यातल्या फलटणच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि जुन्या ट्रॅव्हलरच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. आमची गाडी तशीच, सेकंडहँड घेतलेली. मागच्या सीटा काढून दोन बाक, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली, झाली कॅम्पर व्हॅन! एसी मात्र दर उन्हाळ्यात मान टाकायचा आणि गॅरेजात एकच उत्तर मिळायचं, ‘गॅस संपलाय, भरून घ्या.’ दोन वर्षं मुकाट्यानं भरला. तिसऱ्या वर्षी प्रश्न पडला, हा गॅस जातो कुठे?

एसीचा गॅस डिझेलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो: कॉइलमध्ये उकळून आतली उष्णता उचलतो, कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होऊन ती बाहेर टाकतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. पण पाडव्याला भरलेला गॅस आषाढापर्यंत पुरत नसेल, तर तो गळतोय. मागच्या माणसांसाठी वेगळी कॉइल असलेल्या लांब गाडीत पाइपही लांब, जोडही जास्त आणि रस्त्यांचे हादरे सगळ्यांना. आमची गळती छताच्या आतलं अस्तर काढल्यावर दिसली. एका जोडावर रुपयाएवढा काळपट, तेलकट डाग होता. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, गळतं तेव्हा तेही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. साबणाचा फेस लावला. मिनिटभर काहीच नाही, मग एक बुडबुडा हळूहळू फुगला. दोष होता एका छोट्या रबरी रिंगचा.

‘मीटर लावून पाहिलं, प्रेशर आहे, म्हणजे गॅस आहे,’ हे दुसरं ठरलेलं वाक्य. इंजिन बंद असताना घेतलेलं हे माप फसवं असतं. घरातला सिलिंडर आठवा: भरलेला असो की तळाला आलेला, आत थोडा द्रव उरला आहे तोवर दाब तापमानावर ठरतो. म्हणून तर सिलिंडर वजन करून घेतात. गाड्यांत सर्रास असणाऱ्या आर-१३४ए गॅसचा दाब 40 अंशांना सुमारे 130 पीएसआय भरतो, मग आत गॅस पुरेसा असो की निम्मा. चालू एसीवर दोन्ही बाजूंचे दाब पाहिले, तर काही कळतं. भरतानाही आधी पंपानं व्हॅक्यूम करून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची आणि मग कंपनीनं दिलेल्या वजनाइतकाच गॅस सोडायचा. जास्त भरला म्हणून जास्त गार होत नाही. उलट दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण येतो.

पालखी तरडगावहून फलटणला येते तेव्हा दिंड्यांमागं गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. त्या रांगेत एसी गरम हवा फेकू लागला, की ‘कॉम्प्रेसर गेला’ असं लोक ठरवून टाकतात. पण पळताना गार आणि थांबल्यावर गरम, ही बहुतेकदा कंडेन्सरच्या पंख्याची तक्रार असते. पळत्या गाडीत वारा आपसूक मिळतो, उभ्या गाडीत पंखाच हवा. फ्यूज बघा. तशीच दुसरी रिले गाडीत असेल तर अदलाबदल करून बघा. ते ठीक असेल तर कंडेन्सरच्या जाळीत डोकावा. आमच्या भागात ऊस पेटवला की काजळी उडते, कारखान्याच्या हंगामात पाचटाचे तुकडे उडतात आणि ते सगळं तिथं जाऊन बसतं. पाण्याची बारीक धार आतून बाहेरच्या दिशेनं मारायची. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्यानं पापुद्र्यासारखे पत्रे आडवे होतात, मग हवाच जात नाही.

तासाभरानं वारा मंदावत असेल, तर कॉम्प्रेसर ‘थकलेला’ नसतो. कॉइलवर बर्फ धरलेला असतो. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, पंधरावीस मिनिटांत तो वितळतो. मग फिल्टर साफ करा आणि थर्मोस्टॅट तपासून घ्या. गाडीखाली ठिबकतं ते पाणी गॅस नव्हे, हवेतली वाफ. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात ते कोकणापेक्षा कमीच पडणार, त्याची काळजी नको. पाणी पायाशी आलं तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे.

‘कुठलाही गॅस चालतो,’ म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. घरच्या नव्या एसीतल्या आर-३२चा दाब फार जास्त असतो आणि तो पेट घेऊ शकतो. स्वयंपाकाचा गॅस भरून देणारेही महाभाग आहेत. जिथं आपण झोपतो आणि शेगडीही पेटवतो, तिथं हा खेळ नको.

रात्री बॅटरीवर एसी? एक टनाच्या एसीला हजारेक वॅट लागतात. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत हिशेबानं 1800 वॅट-तास असतात आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये. म्हणजे झोप लागेपर्यंतच खेळ आटोपतो. इंजिन चालू ठेवून झोपणं तर जिवाशी गाठ आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आम्ही समोरासमोरच्या खिडक्यांना जाळी लावली आणि 12 व्होल्टचा छोटा पंखा घेतला. दुपारी उन्हात भाजलेला टप अकराच्या सुमाराला निवतो, बाणगंगा नदीच्या अंगानं झुळूक येते आणि पहाटे पांघरूण ओढावं लागतं.