गोळी सुरू झाली, पण पोराबरोबर कोण आहे?

चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा आपल्या वस्तीतला बावीस वर्षांचा मुलगा. लागोपाठ रात्रपाळ्या. आधी झोप उडाली. मग जेवण कमी झालं, मित्र सुटले. "लाइनवरचे सगळे मोबाइलवर माझ्याबद्दलच बोलतात," असं म्हणू लागला. एक दिवस गेटवरूनच परत आला. घरात कुणी म्हणालं प्रेमाचं प्रकरण, कुणी म्हणालं गांजा, कुणी म्हणालं करणी. आईनं गुपचूप देवऋषी गाठला. त्यात चार महिने गेले.

मला कळलं तेव्हा आम्ही त्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं. दीड महिन्यात झोप परत आली, कानातले आवाज कमी झाले. मला वाटलं, आपलं काम झालं. तिथंच मी चुकले. पुढच्या तारखेला वडील गेले, त्यापुढच्या तारखेला मावशी, नंतर कुणीच नाही. "ताई, आता बरा आहे, कशाला गोळ्या?" म्हणून आईनं गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांत आजार उलटला. या वेळी तो दोन रात्री घराबाहेर होता.

हा आजार कोणता?

डॉक्टर याला सायकोसिस म्हणतात. खरं काय आणि भास काय, हा फरक त्या काळात माणसाला कळत नाही. नसलेले आवाज ऐकू येतात, जवळच्यांवर संशय येतो, बोलणं तुटक होतं. आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. पोर कमजोर आहे किंवा आईबापांचं वळण चुकलं, म्हणून तो होत नाही. गांजा आणि जागरण यांनी तो वाढतो. उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितकं शिक्षण, नोकरी आणि नाती वाचण्याची शक्यता जास्त. पहिल्या वेळी बरं वाटल्यावरही गोळ्या साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवाव्या लागतात. त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही.

धागा धरणारा माणूस

ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात 1992 साली खास अशा तरुणांसाठी एक केंद्र सुरू झालं. तिथं प्रत्येक मुलामागे एक ठरलेला माणूस असतो, त्याला केस मॅनेजर म्हणतात. डॉक्टर, घर, कॉलेज, नोकरी या सगळ्यांना जोडणारा धागा त्याच्या हातात असतो.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथं स्किझोफ्रेनियाच्या 282 रुग्णांचा अभ्यास झाला. काहींना फक्त दवाखान्याचा उपचार मिळाला. बाकीच्यांच्या घरी त्याशिवाय प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्तेही जात होते. वर्षभरानंतर या दुसऱ्या गटाचा त्रास आणि परावलंबन थोडं जास्त कमी झालेलं दिसलं. 2014 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. फरक फार मोठा नव्हता आणि सगळीकडे सारखाही नव्हता. पण ते जुन्या आजाराचे रुग्ण होते, आणि घरी जाणारे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, हे लक्षात घ्या.

आपल्या वस्तीत असा पगारी माणूस नाही. तो मिळावा ही मागणी आपण महापालिकेकडे केलीच पाहिजे. तोवर घरातला किंवा शेजारचा एकच माणूस ठरवा. आजारी व्यक्तीचा ज्याच्यावर विश्वास आहे असा, आणि तिला विचारूनच. त्याची कामं अशी:

1. प्रत्येक तारखेला सोबत जाणं. एका वहीत झोप, जेवण, गोळी आणि त्रास लिहिणं. डॉक्टर बदलले तरी वही तीच राहते.

2. गोळ्यांनी सुस्ती, हातापायांत ताठरपणा किंवा थरथर आली, वजन वाढलं, तर ते डॉक्टरांना सांगणं. औषध किंवा डोस बदलता येतो. परस्पर गोळी बंद करायची नाही.

3. आजार उलटण्याची खूण ओळखणं. बहुतेकांची पहिली खूण झोप जाणं ही असते. दोन-तीन रात्री झोप नाही, तर तारखेची वाट पाहू नका.

4. कामाचं बोलणं. रात्रपाळी नको असं पत्र डॉक्टरांकडून मागता येतं. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर आजारपणाच्या रजेचे पैसे मिळतात. स्किझोफ्रेनिया हा ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं सलग नोकरी आणि वर्गणीचे ठरलेले दिवस भरले असतील, तर जास्त काळ, पगाराच्या 80 टक्के दरानं भत्ता मिळू शकतो. म्हणून ठेकेदार बदलला तरी ईएसआयचा नंबर जपून ठेवा.

5. घरच्यांना सांभाळणं. सतत टोमणे आणि भांडणं यांनी आजार उलटतो. आईलाही कुणाशी तरी बोलावंसं वाटतं.

कायदा आपल्या बाजूने

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार आजारी माणसाला साखळीनं बांधता येत नाही, आणि सरकारी उपचार हा त्याचा हक्क आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा जादूटोणाविरोधी कायदा 2013 नुसार गुन्हा आहे.

टेली-मानसचा 14416 हा नंबर रात्रंदिवस, मोफत आहे. मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भीती असेल, किंवा तापात माणूस बरळत असेल, तर थेट रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या.

त्या मुलाबरोबर आता त्याची थोरली बहीण जाते, प्रत्येक वेळी तीच. वहीची चाळीस पानं भरली आहेत. तो पहिल्या पाळीत काम करतो. कधी कधी आवाज येतात. पण आता येतात तेव्हा तो बहिणीला सांगतो.